काटा

नंदनने रॉटरडॅमहून आणलेली बाटली
तीन आठवडे फ्रिजवर उभी आहे.
माशाच्या तेलाच्या एकशे ऐंशी कॅप्सूल, सोनेरी.
एक उजेडात धरून पाहिली,
आरपार माझीच नखं दिसली, पिवळी.

मी एकतीस वर्षं वजनमापे खात्यात होतो.
मंडईतले पितळी तराजू, बोहरी आळीतले लोखंडी,
सोन्या मारुतीजवळ सराफांचे काचेच्या पेटीतले,
जिथे श्वास सोडला तरी पारडं हलायचं.
बुडातलं शिसं काढून घेतलेलं वजन
मी नुसतं हातात घेऊन ओळखायचो.
नियम एकच:
काटा थरथरतोय तोवर शिक्का मारायचा नाही.

आता हे तोलायचं आहे.

एका पारड्यात नंदन,
विमानतळावर बॅग उघडून म्हणालेला,
"घ्या हो बाबा, हार्टला चांगलं असतं."
त्याच पारड्यात तळजाईवरचे दाभाडे.
चार वर्षं घेतायत, चढावर माझ्या पुढे असतात.
(चार वर्षांपूर्वीही पुढेच होते.)

दुसऱ्यात
मार्गशीर्षातली ती रात्र,
छातीत कुणीतरी जिना उतरताना
एक पायरी चुकलं,
मग आणखी एक.
तेव्हापासून रक्त पातळ करायची गोळी
टूथब्रशशेजारी असते
आणि दाढी करताना कापलं तर
कापसाचे तीन बोळे लागतात.

डॉक्टर कर्णिकबाईंनी माझा आलेख टेबलावर पसरला.
म्हणाल्या, काहींना उपयोग होतो,
बऱ्याच जणांना काहीच होत नाही,
आणि मोठा डोस घेणाऱ्यांत काहींचा ठोका बिघडतो.
तुमचा तर आधीच...
"काहींचा म्हणजे हजारात किती?"
त्यांनी चष्मा काढला, पुसला.
"थोड्यांचा."

काही. थोडे. बरेच.
असलं माप कुठल्या दुकानात सापडलं असतं
तर मी जागेवर जप्त केलं असतं.
पण बाई खोटं बोलत नव्हत्या.
त्यांच्याकडे तेवढीच वजनं होती.

शालनला हे सगळं ऐकायचंच नव्हतं.
शालन हर्णैची. बेचाळीस वर्षं
गणेश पेठेतल्या बाजाराला नावं ठेवत
तिथूनच मासे आणते.
तिने अंतिम तारीख वाचायला चष्मा शोधला नाही.
गोधडीच्या सुईने एक कॅप्सूल टोचली,
आधी स्वतःच्या नाकाशी धरली, मग माझ्या.
"कल्ले न बघता घेतलात हा मासा."

खवट होतं का?
जरासं. माळ्यावर राहून गेलेल्या खोबरेलासारखं.
किंवा तिने म्हटलं म्हणून.
माझं नाक प्रमाणित नाही.

"आणि ह्यात काटा कुठाय?" ती बोटं पुसत म्हणाली.
"काटा नसला की माणूस न बघता गिळतो."

नंदन फोनवर विचारतो, सुरू केलं का.
मी म्हणतो, इथे ऊन फार आहे यंदा.
तो म्हणतो, थंड जागी ठेवा.
मी म्हणतो, हो, फ्रिजवर आहे.
आत आणि वर ह्यात किती अंतर
ते त्याला तिकडून दिसत नाही.

बुधवारी बांगडा होता.
हळू खाल्ला, काटे ताटाच्या कडेला लावत गेलो,
मोठ्यापासून लहानापर्यंत,
जुन्या वजनांच्या पेटीत असायचे तसे.
शालन बघत होती, काही बोलली नाही.

रात्री मनगटावर बोट ठेवलं.
बहात्तर,
मध्ये एक रिकामी जागा,
मग पुन्हा जणू काही झालंच नाही.
स्वयंपाकघरात फ्रिज हुंदका देऊन बंद पडला
आणि त्याच्यावरची ती बाटली
बराच वेळ
बारीक थरथरत राहिली.